टवका उडालेलं पातेलं

रोह्यातल्या एका घरात पांढऱ्या इनॅमलचं, निळ्या काठाचं जुनं पातेलं आहे. आमसुलाचं सार त्यातच व्हायचं, कारण आंबटाला बिनकल्हईचं पितळ चालत नाही, इनॅमल चालतं. आता तळाचा रुपयाएवढा टवका उडालाय, आतला पत्रा गंजलाय. पातेलं आत्याचं. तिचा भाचा पेणजवळ हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींची आखणी करतो. हात सफाईचा, म्हणूनच पातेल्याच्या दुरुस्तीचा दोघांतला वाद लांबला.

"आत्या, दे माझ्याकडे. भरतो, घासतो, पांढरा मारतो. टवका कुठे होता ते तुलाही सापडणार नाही."

"आणि गॅसवर ठेवलं की?"

"गॅसवर नाही ठेवायचं."

"मग ते पातेलं कसलं? देखावा झाला."

"खरं इनॅमल चढवायचं तर जुना थर सगळा काढायचा, काचेची भुकटी लावायची आणि ८०० अंशांच्या आसपास भाजायचं. तेव्हा काच वितळून पत्र्याला धरते. एका पातेल्यासाठी भट्टी कोण पेटवणार?"

"सासूबाईंच्या पितळी टोपाला कल्हईवाला दारात बसून कल्हई करायचा. निखाऱ्यावर टोप तापवायचा, नवसागर टाकला की डोळ्यांत धूर झोंबायचा, कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवलं की आत चकचकीत."

"कथील २३२ अंशांनाच वितळतं, म्हणून दारात जमायचं. पण आत्या, अन्नाला लागायचं ते दर वेळी नवं, तरी तुम्ही टोप जुनाच म्हणायचात. मग नवं इनॅमल चढवलं तर हेही तुझंच पातेलं राहील की."

"राहील कसं? निळा काठ जाणार, कानाजवळचा काळा डाग जाणार. कल्हई बाहेरून काही पुसत नाही. शिवाय ती झिजणार हे धरूनच लावतात."

(इथे मी आत्याच्या बाजूचा. झिजणार म्हणून ठरलेल्या वस्तूला दुरुस्तीची वाट आधीच ठेवलेली असते. टिकाऊ म्हणून विकलेली वस्तू एकदा फुटली की अडून बसते.)

"बरं, तुमच्याकडे मूर्तीचा हात मोडला तर?"

"जोडतो, रंगवतो."

"गिऱ्हाइकाला सांगता?"

भाचा हसला. "ते प्रतिष्ठेच्या आधीचं गं. पूजेला बसल्यावर मोडली तर डागडुजी नाही, विसर्जन."

"म्हणजे मूर्ती कामाला लागली की दुरुस्ती बंद. आणि माझं पातेलं एवढी वर्षं कामाला लागलेलं, त्याला रंग लावतोस?"

"मूर्ती दीड दिवस बसायची. हे दीड पिढी बसलंय. म्हणूनच टाकवत नाही ना!"

"टाकतंय कोण? सारासाठी बाजारातून स्टीलचं आणते. यातलं सार काळपट होतंय, लोखंडाची चव लागते. टवक्याच्या कडेची कपचीही सुटतेय, उद्या पोटात जायची."

"मग याचं काय करणार?"

"लसूण ठेवीन, कोरडी."

"निदान टवका तरी झाकू दे. बरं दिसेल."

"तेवढं मात्र करू नकोस. झाकलास तर माझ्यामागे सून त्यात सार उकळेल."