आयतं गिऱ्हाईक

२००९ च्या जून महिन्यात मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं, की युरोपात विंडोज ७ विकताना त्यात इंटरनेट एक्सप्लोरर नसेल. त्या आवृत्तीला नावही मिळालं, 'विंडोज ७ ई'. बातमी वाचून लोकांना पडलेला पहिला प्रश्न कायद्याचा नव्हता, व्यवहाराचा होता. ब्राउझरच नाही, तर ब्राउझर डाउनलोड कशाने करायचा? पाणी काढायचं आणि पोहरा विहिरीच्या तळाशी! कंपनीचं म्हणणं असं, की संगणक बनवणारे आपल्या पसंतीचा ब्राउझर आधीच घालून देतील; नुसती विंडोज घेणाऱ्याला तो सीडीवर मिळेल, नाहीतर एफटीपीने, म्हणजे वेबच्याही आधीच्या वाटेने.

हा उदारपणा आपखुशीचा नव्हता. नॉर्वेच्या ऑपेरा कंपनीने डिसेंबर २००७ मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली होती, आणि जानेवारी २००९ मध्ये आयोगाने मायक्रोसॉफ्टला आरोपपत्रासारखा कागद धाडला होता. निकाल लागण्याआधीच कंपनीने अंग काढून घेतलं. गंमत म्हणजे आयोग खूश झाला नाही. असं 'वगळून' दिलेलं सामान त्याने एकदा पाहिलं होतं. २००४ मध्ये आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड करून मीडिया प्लेअर नसलेली विंडोज बाजारात आणायला लावलं. ती आली, विंडोज एक्सपी एन. पण किंमत प्लेअरवाल्या विंडोजइतकीच. कटिंगला पूर्ण चहाचे पैसे कोण देईल? ती जवळजवळ कोणीच घेतली नाही. हुकूम अक्षरशः पाळला गेला आणि बाजारात काडीही हलली नाही.

वगळण्याच्या या उपायावर माझा विश्वास नाही तो याच कारणाने. गुन्हा नेमका कुठे होता, हे पाहायला मात्र आणखी मागे, अमेरिकेत जावं लागतं.

नव्वदच्या दशकात नेटस्केप कंपनी नॅव्हिगेटर हा ब्राउझर विकून पैसे कमवत होती. मायक्रोसॉफ्टला भीती ब्राउझरची नव्हतीच. उद्या सगळी कामं ब्राउझरमध्येच व्हायला लागली, तर खाली विंडोज आहे की आणखी काही, याचं कुणाला सोयरसुतक राहणार नाही, ही ती भीती. (ती खोटी नव्हती, माझं निम्मं काम आज तसंच चालतं.) म्हणून ब्राउझर फुकट दिला आणि विंडोजबरोबर बांधून दिला. १९९६ मध्ये कॉम्पॅकने आपल्या काही संगणकांवरून इंटरनेट एक्सप्लोररचं चिन्ह काढून नेटस्केपचं ठेवलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टने विंडोजचा परवाना रद्द करण्याची नोटीस पाठवली. विंडोजशिवाय संगणक खपणार कसे? कॉम्पॅकने चिन्ह मुकाट्याने परत बसवलं. माझ्या मते साऱ्या प्रकरणाचा जीव या एका नोटिशीत आहे. फुकट देणं हा गुन्हा नव्हे, एकत्र देणंही नव्हे. आपली वस्तू काढणाऱ्याचा हात पिरगाळणं हा गुन्हा.

डिसेंबर १९९७ मध्ये न्यायाधीश थॉमस पेनफील्ड जॅक्सन यांनी मायक्रोसॉफ्टला अंतरिम आदेश दिला: विंडोज ९५ बरोबर ब्राउझर घेण्याची सक्ती करू नका. कंपनीने संगणक उत्पादकांपुढे जे पर्याय ठेवले, ते वाचून आजही हसू येतं. एक, जुनीपुराणी विंडोज घ्या. नाहीतर ब्राउझरच्या फायली उपटून काढलेली नवी घ्या, जी चालतच नाही. ब्राउझर हा विंडोजचा अवयवच आहे, असा त्यांचा दावा. मग विंडोजमध्येच असलेल्या 'ॲड/रिमूव्ह' या सोयीने ब्राउझर काढून पाहण्यात आला. दीड मिनिटही लागलं नाही, आणि विंडोज ठणठणीत. कंपनीचं उत्तर: हे नुसतं चिन्ह गेलं, आतली यंत्रणा आहे तिथेच आहे. पेच असा, की तांत्रिकदृष्ट्या कंपनीचं बरोबर होतं. दाराची पाटी काढल्याने बिऱ्हाड हलत नाही.

वरच्या न्यायालयाने १९९८ मध्ये तो आदेश उठवला. मक्तेदारीचा मुख्य खटला मात्र चाललाच, आणि जून २००१ मधला अपील न्यायालयाचा निकाल सगळ्यात समंजस वाटतो. कंपनीचे दोन तुकडे करण्याचा जॅक्सन यांचा हुकूम त्याने रद्द केला. दोन वस्तू एकत्र विकणं हे आपोआपच बेकायदा, हेही मानलं नाही. पण संगणक उत्पादकांवरची बंधनं, ब्राउझरची आज्ञावली विंडोजच्या आज्ञावलीत कालवून टाकणं, आणि 'ॲड/रिमूव्ह'च्या यादीतून इंटरनेट एक्सप्लोररचं नाव गाळणं, या गोष्टी मक्तेदारी राखण्याचे बेकायदा मार्ग ठरल्या. एका यादीतून एक नाव गाळलं, एवढ्याने!

एवढी-तेवढी म्हणून ही गोष्ट सोडून देण्यासारखी नाही. आपल्याकडे सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसणाऱ्या कितीजणांना तो निळा 'ई' म्हणजेच इंटरनेट वाटायचं. जे आयतं समोर येतं ते माणूस बदलत नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणावं तर इथे बीळ कंपनीनेच खणलेलं होतं. आयतं होतं ते गिऱ्हाईक.

युरोपीय आयोगाने हे ओळखलं आणि वगळण्याऐवजी विचारायला लावलं. विंडोज ७ ई दुकानात आलीच नाही. २०१० च्या मार्चपासून युरोपातल्या विंडोजवर निवडीचा पडदा दिसू लागला: बारा ब्राउझर, पहिल्या नजरेत पाच, क्रम दर वेळी वेगळा. पण हे पत्ते नीट पिसलेलेच नव्हते. पिसण्याची आज्ञावली इतकी कच्ची होती, की काही जागी काही नावं फार वेळा येत, आणि मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा ब्राउझर जवळजवळ निम्म्या वेळा पाचव्या जागी जाई. ते दुरुस्त झालं. पुढे विंडोज ७ च्या एका सुधारणेबरोबर पडदाच गायब झाला आणि कित्येक महिने कुणाच्या ध्यानात आलं नाही. सुमारे दीड कोटी संगणकांना तो प्रश्न विचारलाच गेला नाही. तांत्रिक चूक, असं कंपनी म्हणाली. मार्च २०१३ मध्ये आयोगाने ५६.१ कोटी युरोंचा दंड केला.

तोवर बाजार भलतीकडे निघाला होता. गुगलचा क्रोम पुढे सरकला, तेही ज्याच्यासाठी भांडण चाललं होतं त्याच विंडोजवर, लोकांनी हाताने उतरवून घेतलेला. म्हणजे गिऱ्हाईक अगदीच आयतं नसतं, असा आक्षेप माझ्या म्हणण्यावर घेता येईल, आणि तो मला मान्य आहे. पण हाच क्रोम पुढे अँड्रॉइड फोनवर आयता येऊ लागला.

तिथे हे प्रकरण आपल्या खिशात येतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या व्यवहारांबद्दल गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. आधीच घातलेली ॲप काढून टाकायला ग्राहकाला आडकाठी करू नये, असंही फर्मावलं. मार्च २०२३ मध्ये अपील लवादाने दंड कायम ठेवला. काही निर्देश मात्र रद्द केले, त्यात ॲप काढण्याबद्दलचा हा निर्देशही गेला. माझ्या फोनवर क्रोमच्या चिन्हावर बोट दाबून धरून मी पाहिलं. 'अनइन्स्टॉल' नाही, 'डिसेबल' आहे. केलं. चिन्ह गेलं.