बाप्तिस्मा झाला, पण स्वभाव तोच राहिला

शंका: अहिल्यानगर जिल्ह्यातील एक भगिनी लिहितात की त्यांचे घराणे तीन पिढ्यांचे ख्रिस्ती आहे. रविवारची उपासना चुकत नाही, दशांश थकत नाही, उपवासकाळातले शुक्रवार मोडत नाहीत. तरीही सुनेचे जरा काही चुकले की आवाज चढतो. जावेच्या मुलाला नोकरी लागल्याचे कळले, तेव्हा तोंडाने प्रभूची स्तुती केली, पण पोटात दुखलेच. संजीवन सभेसाठी गावात आलेल्या एका उपदेशकाने त्यांना सांगितले की अंगात रागाचा आत्मा आहे. ठरावीक रकमेचे ‘बीज’ पेरून अभिषेकाचे तेल नेले तर तो निघून जाईल. आपला विश्वास खोटा आहे का आणि ते तेल घ्यावे का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

समाधान: दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी. तेल घेऊ नये. पैसे दिले असतील तर परत मागावेत.

पहिल्या प्रश्नासाठी मराठी ख्रिस्ती माणसाला पंडिता रमाबाईंइतका भरवशाचा आधार दुसरा नाही. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंचा आणि त्यांच्या लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला ‘सरस्वती’ म्हणून गौरवले, त्या विदुषीने हा धर्म डोळे मिटून घेतलेला नव्हता. तरी 1907 साली लिहिलेल्या साक्षीत त्या काहीही आडपडदा न ठेवता सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना कळून चुकले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण स्वतः ख्रिस्त काही अजून भेटला नाही. विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले होते. हॅस्लम तर व्यासपीठावरून उपदेश करीत होता, आणि उपदेश करता करताच आपले अंतःकरण कोरडे असल्याचे त्याला उमगले.

याच आठ वर्षांत, 1889 मध्ये, रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले होते. बालविधवांना आसरा मिळत होता, शिक्षण मिळत होते. हातून इतके चांगले काम होत असतानाही त्यांना आतली उणीव दिसली, आणि दिसल्यावर त्यांनी ती झाकली नाही, छापून जगापुढे ठेवली. म्हणून आपल्या पोटात दुखले हे ज्या भगिनीला कळते आणि सांगवते, तिने आपला विश्वास खोटा ठरवण्याची घाई करू नये. जावेचे सुख खुपले आणि ते खुपल्याचेही कळले नाही, तर मात्र काळजी करावी.

लक्ष्मीबाई टिळकांच्या बाबतीत क्रम नेमका उलटा झाला. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंचा 1900 साली. मधली काही वर्षे ताटातुटीत गेली. पुढे त्या पतीजवळ राहायला आल्या तेव्हा त्यांचे पाणी वेगळे होते, स्वयंपाक वेगळा होता, सोवळे कडक होते. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्याच मनाशी सोडवला आणि यापुढे कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. हे सगळे बाप्तिस्म्याच्या आधी घडले. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला टिळकांचा तापटपणाही ठाऊक असतो आणि घरातला पैसा दुसऱ्याच्या हातावर ठेवून मोकळे होण्याची त्यांची तऱ्हाही. त्याच टिळकांनी बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, 1917 मध्ये, मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त तिथे एकत्र यावेत, ही त्यांची इच्छा होती. एकीचे मन विधीनंतर आठ वर्षांनी पालटते, दुसरीचे विधीच्या आधी, तिसरा बावीस वर्षांनी आणखी एक पाऊल टाकतो. मंडळीच्या नोंदवहीतल्या तारखेवरून कोणाची आत्मिक वाढ मोजता येत नाही. (आणि ज्या घरांत आजही सोयरीक जमवताना ‘पूर्वीचे कोण?’ असे हळूच विचारले जाते, त्या घरांनी लक्ष्मीबाईंचे ते प्रकरण एकदा मोठ्याने वाचावे.)

आता तेलाविषयी. याकोबाच्या पत्रात आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडिलांना बोलावून तेल लावण्याचा उल्लेख आहे, हे खरे. पण तिथे वडील आजाऱ्याच्या घरी जातात, प्रार्थना करतात आणि परत येतात. बाटलीची किंमत तिथे नाही. किंमत ठरवू पाहणारा एक माणूस शास्त्रात आहे, तो प्रेषितांच्या कृत्यांच्या 8व्या अध्यायात. शोमरोनचा शिमोन हा जादूगार प्रेषितांपुढे पैसे ठेवतो आणि पवित्र आत्मा देण्याचे सामर्थ्य मागतो. पेत्र त्याला इतक्या कडक शब्दांत झिडकारतो की खुद्द शिमोनच आपल्यासाठी प्रार्थना करा म्हणून विनवू लागतो. पेत्राने पैसे घेतले असते आणि पावती फाडली असती, तर मंडळीचा इतिहास तिथेच संपला असता.

पुढे तो जवळजवळ संपलाच होता. सोळाव्या शतकाच्या आरंभी रोममधील संत पेत्राच्या मंदिराचे बांधकाम चालू होते आणि त्यासाठी योहान टेट्झेल जर्मनीत फिरून क्षमापत्रे विकत होता. जिवंतांची आणि मेलेल्यांचीही पापाची शिक्षा पैशाने कमी होते, असे भाबड्या शेतकऱ्याला वाटू लागले. 31 ऑक्टोबर 1517 रोजी मार्टिन ल्यूथरने त्याविरुद्ध 95 विधाने मांडली. त्यातल्या पहिल्याच विधानात त्याने सांगितले की विश्वासणाऱ्याचे सबंध आयुष्य हाच पश्चात्ताप आहे. पाचशे वर्षांनंतर त्याच ल्यूथरचा वारसा सांगणाऱ्या मंडळ्यांच्या मांडवात तेलाच्या बाटल्या आणि प्रार्थना केलेले रुमाल विकायला ठेवले जातात, बीज जितके मोठे तितका आशीर्वाद मोठा असे माइकवरून सांगितले जाते आणि मजुरी करून पोट भरणारी बाई कनवटीचे पैसे सोडते. हे पाहून ज्या पाळकाच्या मस्तकात तिडीक उठत नाही, त्याने पाळकपणाचा झगा उतरून ठेवावा. चमत्काराच्या नावाखाली पैसे उकळणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो कोणत्याही एका धर्मापुरता नाही. भगत, बाबा आणि उपदेशक त्याच्यापुढे सारखेच आहेत.

रागाला ‘आत्मा’ म्हटले की आणखी एक नुकसान होते. राग मग आपला राहत नाही, बाहेरून येऊन शिरलेल्या कोणाचा तरी होतो. सुनेची क्षमा मागण्याची गरजच उरत नाही. तेलाने उतरवायचे ते उतरवले, आता तुझे माझे काही देणे नाही, अशी सोयीची समजूत होऊन बसते.

पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या 5व्या अध्यायात आत्म्याच्या फळाचे नऊ गुण सांगितले आहेत. त्यांत दशांश नाही, उपवास नाही. सहनशीलता, ममता, सौम्यता यांसारखे गुण दुसरे माणूस समोर असल्याशिवाय दिसायचे कसे? या भगिनींच्या समोर उठल्यापासून निजेपर्यंत असते ती सून. त्यांनी तिला जवळ बसवून, नवऱ्याला किंवा मुलाला मध्ये न घालता, अमुक दिवशी अमुक बोलले ते चुकले, असे नेमके सांगावे. मोघम ‘चुकलं-माकलं’ नको. प्रभू जक्कयाच्या घरी उतरला तेव्हा जक्कयही मोघम बोलला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्याला चौपट, असा हिशेबच त्याने मांडला. पुन्हा आवाज चढेल. पुन्हा क्षमा मागावी. आणि तेलासाठी काढून ठेवलेल्या पैशांतून जावेच्या मुलासाठी काही घेऊन अभिनंदनाला जावे.

शंका: सोलापूरकडील एका गृहस्थांचे थोरल्या भावाशी वडिलोपार्जित शेताच्या बांधावरून कित्येक वर्षे बोलणे नाही. दोघे एकाच मंडळीत, वेगवेगळ्या बाकांवर बसतात. चूक भावाची असताना आपण प्रभुभोजन घ्यायला हरकत आहे का, असे ते विचारतात.

समाधान: हरकत आहे. मत्तयाच्या 5व्या अध्यायात प्रभूने वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाकडे जायला सांगितले, तेव्हा चूक कोणाची हे विचारलेले नाही. भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, एवढे आठवणे पुरेसे मानले आहे. बांधाची हद्द नेमकी कुठे, हे भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीने कळेल. त्यासाठी अर्ज करावा, दोघांनी मिळून केला तर उत्तमच. पण भावाच्या दारात जाण्यासाठी मोजणीची वाट पाहू नये. एकट्याने जाणे जड वाटत असेल तर पाळकांना सोबत न्यावे आणि पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारापूर्वी जावे.