घेणाऱ्याचं खातं

आम्ही बँकेतली माणसं. डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी. त्यात बदल झाला की ताळेबंदात फरक आल्यासारखं वाटतं.

गेल्या पावसाळ्यात पोलादपूरहून महाबळेश्वरला निघालो आणि आंबेनळी घाटात दरड आडवी आली. एस.टी. थांबली. चार गडी दगड हलवू लागले, तसा मीही उतरलो. परोपकार वगैरे काही नाही हो, बायको खिडकीतून बघत होती! पण वीस वर्षं दुसऱ्यांच्या नोटा मोजून जे समाधान मिळालं नाही, ते पाच धोंडे ढकलून मिळालं.

इतक्यात वाडीवरची एक आजी टोपली घेऊन आली. नाचणीची भाकरी आणि टाकळ्याची भाजी. मी सवयीनं म्हणालो, "आमच्यात हे खात नाहीत."

आजी बोलली नाही. नुसता हात मागे घेतला.

'मला सवय नाही' म्हणायचं, तर मी 'आमच्यात' म्हणालो होतो! याच घाटाखाली महाडला, २० मार्च १९२७ रोजी, तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, तो असल्याच 'आमच्यात'मुळे.

"आजी, द्या," मी म्हटलं. पहिला घास अडला, तिसरा आवडला. आजी हसली.

कॉमर्सचा पहिलाच धडा मी विसरलो होतो: घेणारा नसेल, तर देणाऱ्याची नोंद कुठं करणार? दगड उचलणं सोपं होतं. तिथं देणारा मी होतो.

हल्ली मंगळवारी डब्यात नाचणी असते. बायको विचारते, "अडते का हो?"

"पहिल्याच घासाला!"