पंचांचा शब्द कुठवर?

मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात पहिल्या गलेफाचा मान चर्मकार समाजाकडे आहे. तो पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धेने पाळला जातो. निकाहाची नोंद, दफनविधी, मशिदीची वर्गणी, पती-पत्नीतील समेट ही कामेही आपल्या जमाती अशाच परंपरेने पाहत आल्या आहेत. राज्यघटनेचे २६ वे कलम धार्मिक बाबींचा कारभार स्वतः पाहण्याचा हक्क संप्रदायांना देते, आणि तो जपलाच पाहिजे. परंतु जमातीचा निवाडा ज्याला मान्य नाही, त्याचे काय?

मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कृतीस मनाई करणारा कायदा केला. दाऊदी बोहरांचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताने घटनाबाह्य ठरवला. सरन्यायाधीश सिन्हा यांचे मत वेगळे पडले. बहिष्कृत माणूस समाजात अस्पृश्यवत होतो, ही त्यांची चिंता होती. मला हे अल्पमत इस्लामी न्यायबुद्धीला अधिक जवळचे वाटते. जनाजा आणि दफन हे फर्जे-किफाया आहे, मृताचे जिवंतांवरील देणे आहे. ते कब्रस्तानाच्या दाराशी अडवण्याचा अधिकार पंचांना कुठून आला?

महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवला. त्यापूर्वी, २०१४ मध्ये, फतवा व दारुल कझाचे निर्णय कायद्याने बंधनकारक नाहीत, मात्र कोणी ते स्वेच्छेने मानू शकतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. काहींना हा शरीअतचा अवमान वाटला. वस्तुतः फिक्हनेच मुफ्तीचा सल्ला आणि काझीचा हुकूम यांत पूर्वीपासून भेद केला आहे. फतवा बंधनकारक नाही, ही गोष्ट आपल्या उलेमांना न्यायालयाकडून शिकावी लागत नाही. ती केवळ मोहल्ल्यात सांगितली जात नाही, इतकेच.

जमातीकडे मग उरते काय? उरतो तो समेट, आणि तो थोडाथोडका नाही. सूरह निसाच्या ३५ व्या आयतीने दांपत्यकलहात पतीच्या व पत्नीच्या कुटुंबातून एकेक मध्यस्थ नेमण्यास सांगितले आहे. आपल्या किती बैठकांत पत्नीच्या माहेरचा माणूस पंच म्हणून बसतो? तिचे म्हणणे इतिवृत्तात उतरते काय, आणि ते तिला वाचून दाखवले जाते काय? हे बदलण्यासाठी कोणत्याही सरकारच्या परवानगीची गरज नाही. येत्या बैठकीपासूनच ते करता येईल.