परक्यानें ताल धरावा काय?

नांदेड-लातूरकडील गांवांत भजन सुरू झालें म्हणजे पुढें बसलेला बुवा स्वतः गातो, आणि तो चुकला तर ती चूक प्रथम त्याच्याच मुखांतून सर्वांस ऐकूं येते. पाश्चात्य वाद्यवृंदाच्या संचालकाचें तसें नाहीं. तो बारीक काठी घेऊन पुष्कळ वादकांसमोर उभा राहतो, पण स्वतः एक स्वरही काढीत नाहीं. असा मनुष्य परदेशांतून आलेला असला, तर इतरांस चालविण्याचा अधिकार त्यास कोठून मिळतो?

वॉल्टर कॉफमन यांची हकीकत येथें विचारांत घेण्याजोगी आहे. ते यहूदी होते. १९०७ सालीं बोहेमियांतील कार्ल्सबाड येथें जन्मून बर्लिन व प्राग येथें शिकलेले हे गृहस्थ, जर्मनींत हिटलरचा अंमल सुरू झाल्यावर, १९३४ सालीं मुंबईस आले. त्याच वर्षीं त्यांनीं चेंबर म्युझिक सोसायटी काढली. व्हायोलिनवादक मेहली मेहता त्यांच्याबरोबर वाजवीत. पुढें १९४६ पर्यंत ते मुंबई नभोवाणीवर पाश्चात्य संगीताचे प्रमुख होते. तंबोऱ्याच्या साथीची जी धून रोज सकाळीं मराठवाड्यांतही आकाशवाणीवर ऐकूं येई, ती त्यांचीच मानली जाते.

आपल्या संगीताच्या तबकड्या त्यांनीं प्रथम ऐकल्या, तेव्हां त्या त्यांस अगदीं दुर्बोध वाटल्या. पण ज्या गाण्यावर लक्षावधि लोक प्रेम करितात तें अर्थहीन कसें असेल, दोष आपल्याच कानांचा असला पाहिजे, असा त्यांनीं विचार केला. आम्हांस सर्व हकीकतींत हेंच मोलाचें वाटतें. बीथोव्हेनच्या संगीतांत ते पहिल्या दिवसापासून पुढारी होते. रागांच्या बाबतींत मात्र शिष्य राहिले. पुढें १९४८ ते १९५७ पर्यंत कॅनडांतील विनिपेग येथें त्यांनीं वाद्यवृंद चालविला, नंतर अमेरिकेंत प्राध्यापकी केली, आणि उत्तर हिंदुस्थानी रागांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९६८ सालीं निघाला. मुंबईस येऊन तेव्हां चौतीस वर्षें झालीं होतीं!

कोणी म्हणेल, प्रत्येक नवागतानें इतकीं वर्षें थांबावें, तर गाणें सुरू व्हावें केव्हां? हा आक्षेप खोटा नव्हे. जें आपणांस येतें तें त्यानें लागलेंच शिकवावें; पण जें लोकांस आधींपासून येतें, त्यावर काठी उगारूं नये. या दोहोंतील सीमा ओळखणें मात्र कठीण. आमच्या पाहण्यांतील एका मंडळींत शहराकडून आलेल्या तरुण शिक्षकानें चार सुरांचें गायन बसविलें. गायन सुरेख झालें, परंतु जात्यावरच्या चालींत सर्व गीतें तोंडपाठ असणाऱ्या वृद्ध स्त्रिया त्या दिवशीं गप्प बसल्या. त्यांस कोणी गप्प केलें नव्हतें. त्यांच्याजोगा सूरच त्यांत नव्हता.

पुढील पावसाळ्यांत आम्ही पुनः तेथें गेलों, तेव्हां तो शिक्षक ओसरीवर एका आजीबाईंजवळ वही घेऊन बसला होता. चाल कांहीं केल्या कागदावर उतरेना, आणि आजीबाई तीच ओळ चौथ्यांदा म्हणून दाखवीत होत्या.