तांड्याच्या बोलीला निधी कोण देणार?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. लगेच ५ ऑक्टोबरला वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीत, नंगाऱ्याच्या आकाराच्या बंजारा विरासत संग्रहालयाचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. दोन्ही गोष्टी व्हायलाच हव्या होत्या. संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे पोहरादेवी ही देशभरच्या गोर बंजारांची काशी आहे आणि तिथे त्यांच्या इतिहासाला हक्काची वास्तू मिळाली. प्रश्न आहे तो त्याच मानोरा तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावर पहिलीत बसलेल्या पोराचा. घरी ते आईला याडी म्हणते, भाकरीला बाटी म्हणते. शाळेत पाऊल टाकल्यापासून त्याला सगळे मराठीतूनच समजले पाहिजे, अशी आपली अपेक्षा असते. ते गप्प बसले की आपण त्याला कच्चे ठरवतो.

हा प्रश्न सदिच्छेचा नाही, पैशाचा आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्यांनी करावी, असे घटनेचे कलम ३५० अ सांगते. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ते आले. शिक्षणहक्क कायदाही शक्य तिथवर मातृभाषेचाच आग्रह धरतो. पण कलमाने पगार निघत नाही, त्यासाठी लेखाशीर्ष लागते. बंजारांची गोरबोली तिथेच अडते. २०११ च्या जनगणनेत ती वेगवेगळ्या नावांनी आली: लमाणी-लंबाडी बोलणारे ३२ लाखांहून अधिक आणि बंजारी बोलणारे १५ लाखांहून अधिक नोंदले गेले, पण दोन्ही आकडे हिंदीच्या पोटात जमा झाले. एवढी माणसे बोलतात ती भाषा सरकारी तक्त्यात स्वतंत्र दिसतच नाही. मग तिच्यासाठी तरतूद मागायची कुठल्या नावाने?

यात जातवर्गवारीची आणखी एक मेख आहे. २००४ च्या सुमारास एकत्रित आंध्र प्रदेशाने आठ भाषांतून प्राथमिक शिक्षणाचा कार्यक्रम हाती घेतला. त्यात बंजारा भाषा होती, पुस्तके तेलुगू लिपीत होती. हा कार्यक्रम आदिवासी भाषांसाठी होता आणि तिथे बंजारा अनुसूचित जमातीत मोडतात. महाराष्ट्रात तेच लोक विमुक्त जातींत. म्हणजे एकाच बोलीतल्या मुलाला वहीत आपला शब्द दिसणार की नाही, हे आजोबांचा तांडा कुठल्या राज्यात थांबला यावर ठरले. बंजारांना कुठल्या वर्गात धरायचे, हा आरक्षणाचा वाद चालू राहील, न्यायालयातही जाईल. पण पहिलीच्या पुस्तकाला त्या निकालाची वाट पाहायला लावणे मला अन्यायाचे वाटते.

त्यात हे मूल एका जागी राहत नाही. सोयाबीन निघाले, दिवाळी सरली की मुकादमाची गाडी येते. उचल आधीच घेतलेली असते आणि घरात खर्चूनही झालेली असते. गाडीत भांडी, गोधड्या, ताडपत्री, कोंबड्यांचे खुराडे आणि या सगळ्यावर बसलेली पोरे. कुणी ऊसतोडीला, कुणी वीटभट्टीवर, कुणी पुण्या-मुंबईच्या बांधकामावर. मागे राहिलेल्यांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे आणि ती मोलाची आहे. पण ती पोटाची आणि निवाऱ्याची सोय आहे. गाडीत बसून गेलेल्या मुलामागे त्याच्या भाषेसाठी एक रुपयाही जात नाही.

असा रुपया मिळू शकतो का, आणि तो हद्दीबाहेर जाऊ शकतो का? वेल्सकडे पाहावे. १९३९ मध्ये ॲबरिस्टविथला पालकांनी खासगी वेल्श शाळा काढली, तेव्हा मुले होती सात. १९४७ मध्ये लानेल्ली इथे स्थानिक शासनाच्या पैशातून पहिली वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा निघाली. आठ वर्षे लागली, पण पालकांनी आधी करून दाखवले आणि मग हक्काने मागितले. त्याहून बोलके उदाहरण अर्जेंटिनातल्या पॅटागोनियाचे. तिथे १८६५ मध्ये वेल्श माणसे जाऊन वसली. १९९७ पासून वेल्सच्या सार्वजनिक निधीतून तिथे भाषाशिक्षक पाठवले जातात. माणूस समुद्रापार गेला म्हणून भाषेवरची जबाबदारी संपली, असे त्या छोट्या देशाने मानले नाही.

आपल्यालाही हे तत्त्व परके नाही. सीमाभागातल्या मराठी मुलांना मराठी शाळा मिळावी, असे आपण कर्नाटकाला बजावतो आणि ते योग्यच आहे. तोच न्याय आपल्या हद्दीतल्या गोरबोलीला लावायला नको का?

आक्षेप मला ठाऊक आहेत. पालकांना इंग्रजी हवी असते. बोली तांड्यागणिक बदलते. मराठी कच्ची राहील, ही भीतीही खरी आहे. पण पूर्ण गोरबोली माध्यमाची शाळा कुणी मागत नाही. पहिली दोन वर्षे वर्गात मुलाची भाषा बोलणारा एक सहायक हवा, देवनागरीतली साधी पुस्तके हवीत आणि बोलीतून मराठीकडे नेणारा रस्ता हवा. पाया घरच्या भाषेत पडला की मराठी पक्की होते, कच्ची नाही. आणि डी.एड. करून घरी बसलेले तरुण तांड्यांवर आहेतच.

वसंतराव नाईक यांच्या नावाची तांडा-वस्ती सुधार योजना रस्ते, पाणी, समाजमंदिर यांना पैसा देते. त्याच योजनेत बोली-सहायकाच्या मानधनाचे एक कलम घालावे. ते मानधन गावाला न बांधता मुलाला बांधावे, म्हणजे साखर कारखान्याच्या तळावरच्या शाळेलाही ते मागता येईल. सुरुवात मानोऱ्यातल्या मोजक्या तांड्यांपासून करता येईल. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, जिल्हा नियोजन समितीचा आराखडा मात्र त्याच्या कितीतरी आधी ठरतो. शाळा व्यवस्थापन समित्यांचे ठराव दिवाळीपूर्वीच, गाड्या निघण्याआधी, त्या समितीच्या टेबलावर पोहोचले पाहिजेत.