जंगलाकाठचं घर

सिंधुदुर्गात, सह्याद्रीच्या पायथ्याशी माझा एक मित्र आणि त्याची बायको रानालगतच्या जमिनीवर राहतात. त्यांच्याकडे गेलं की पाहुण्यालाही काम मिळतं, आणि मला ते मनापासून आवडतं. मे महिन्यात गेलात तर कोकमं फोडायला बसायचं. सालं पुन्हापुन्हा रसात बुडवून उन्हात वाळवली की आमसुलं होतात, रसात मीठ मुरवलं की आगळ. बियाही फुकट जात नाहीत, त्यांचं मुठेल निघतं. पायाला भेगा पडल्या की तेच लावायचं.

पाऊस तिथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण जांभ्यात पाणी टिकत नाही. म्हणून दोघांनी उतारावर चर खणलेत. गुरांचं शेण गोबरगॅसला, उरलेली मळी माडांच्या आळ्यात.

मीठ, चहा, औषधं बाजारातून येतात, आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नाही. भातलावणी मात्र दोघांनी उरकणारी नव्हे. वाडीतली माणसं येतात, मग हे दोघं त्यांच्या शेतात उतरतात. या माणसांमुळेच ते तिथे टिकले, असं मला वाटतं. यंदा लावणीला मुलांना घेऊन जायचं मी ठरवलंय.